जुन्या ट्रॅक्टर-जीपचा इंधनदर्शक कांटा : दोष कसा शोधावा

बैल थकला म्हणजे त्याची चाल व त्याचा श्वास पाहून धन्यास तें कळतें. यंत्राच्या पोटांत काय शिल्लक आहे हें मात्र बाहेरून दिसत नाहीं. म्हणून चालकासमोर एक लहानसा कांटा बसविलेला असतो. हा कांटा खरें सांगतो तोंवर त्याची कोणास आठवणही होत नाहीं. तो खोटें सांगूं लागला म्हणजे मात्र भर रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर चिखलाच्या बांधींत उभा राहतो, किंवा धानाच्या पोत्यांनीं भरलेली ट्रॉली रात्रीच्या वेळीं जंगलाच्या रस्त्यावर अडकून पडते. हा दोष बहुधा क्षुल्लक असतो व साध्या साधनांनीं घरच्या घरीं शोधतां येतो. तो कोणत्या क्रमानें शोधावा, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

आपल्या जिल्ह्यांत या गोष्टीचें महत्त्व

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशांत या प्रश्नाचें गांभीर्य अधिक आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, वडसा अशा गांवांच्या आसपास डिझेल मिळण्यास अडचण पडत नाहीं. परंतु कोरची, धानोरा, एटापल्ली किंवा सिरोंचा तालुक्यांतील आडवळणाच्या खेड्यांतून पंपापर्यंत जाऊन येणें हें अर्ध्या दिवसाचें काम होऊं शकतें. आलापल्लीहून भामरागडास जाणारा रस्ता साठ किलोमीटरांहून अधिक लांबीचा व बहुतांशीं जंगलांतून जाणारा आहे. पर्लकोटा नदीच्या पुरानें भामरागडाचा संपर्क अनेक पावसाळ्यांत तुटलेला आहे. शिवाय ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या सभोंवतीं आणि ब्रह्मपुरी वनविभागांत वाघ राखीव जंगलाच्या सीमेंत राहतो असें नाहीं. तो शेताच्या धुऱ्यापर्यंत येतो. अशा मुलुखांत अंधार पडल्यावर डबा हातांत घेऊन डिझेल आणण्यास पायीं निघणें म्हणजे जिवावरचें संकट ओढवून घेणें होय.

यंत्राच्या दृष्टीनेंही इंधन पूर्ण संपूं देणें हानिकारक आहे. डिझेल हें केवळ इंधन नव्हे; इंधनपंपाच्या आंतील बारीक भागांचें वंगण तेंच असतें. टाकी कोरडी पडली म्हणजे तळाचा गाळ व पाणी नळींत ओढलें जातें, पंपांत व नळ्यांत हवा शिरते, आणि नंतर टाकी भरली तरी ती हवा काढल्यावांचून इंजिन सुरू होत नाहीं.

जुन्या यंत्रांविषयीं आणखी एक अडचण आहे. कित्येक यंत्रांचे सुटे भाग आतां सहजासहजीं मिळत नाहींत. उदाहरणार्थ, एच. एम. टी. चे ट्रॅक्टर १९७१ पासून हरियाणांतील पिंजोर येथें तयार होत. तो कारखाना २०१६ सालीं बंद करण्याचा निर्णय झाला, पण ते ट्रॅक्टर अद्याप शेतांत राबत आहेत. अशा यंत्राचा कांटा बिघडला कीं, दुकानांत जें मिळेल तें बसविण्याचा मोह होतो. परंतु ज्यांत दोष नाहीं तो भाग बदलल्यानें दोष जात नाहीं, केवळ पैसा जातो. म्हणून प्रथम शोध, मग खरेदी, हा नियम कटाक्षानें पाळावा.

कांट्याची रचना

या व्यवस्थेचे चार भाग आहेत. पहिला, टाकींतील फ्लोट व त्यास जोडलेलें टँक युनिट. फ्लोट इंधनावर तरंगतो. त्याचा दांडा वर-खालीं झाला म्हणजे युनिटांतील एक लहान पट्टी रोधक तारेवरून सरकते व विजेला होणारा रोध कमी-जास्त होतो. दुसरा, युनिटापासून कांट्यापर्यंत जाणारी वायर. तिसरा, चालकासमोरील कांट्याचें घड्याळ. चौथा भाग पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं, तो म्हणजे अर्थ. वीज बॅटरींतून घड्याळांत, तेथून वायरीनें टाकींत, आणि टाकीच्या धातूंतून चासीवाटे पुन्हां बॅटरीकडे परत जाते. हा परतीचा मार्ग गंजला किंवा तुटला तर बाकीचे तिन्ही भाग निर्दोष असूनही कांटा खोटा ठरतो.

घड्याळाचे मुख्य प्रकार दोन आहेत. एकांत तांब्याच्या तारेचीं दोन वेटोळीं असतात व त्यांच्या चुंबकशक्तीच्या ओढाताणींत कांटा आपली जागा धरतो. चावी फिरवितांच हा कांटा झटकन् हलतो. दुसऱ्यांत दोन धातूंची जोडपट्टी असते. ती विजेनें तापून वांकते व कांट्यास ढकलते. हा कांटा सावकाश, कित्येक सेकंद घेऊन चढतो. या दुसऱ्या प्रकारास बहुधा व्होल्टेज स्टॅबिलायझर नांवाची एक लहान डबी जोडलेली असते. ती बॅटरीचा कमी-जास्त होणारा दाब सरासरी १० व्होल्टच्या आसपास ठेवते, आणि इंजिनाच्या उष्णतेचा कांटाही पुष्कळदां तिच्यावरच चालतो. आपल्या यंत्रांत यांपैकीं कोणता प्रकार आहे, हें कांट्याच्या चालीवरूनच ओळखतां येतें.

आधीं टाकी पाहावी

कांट्यावर दोष ठेवण्यापूर्वीं टाकींत खरोखर किती इंधन आहे तें पाहावें. यंत्र सपाट जागेवर उभें करावें. उतारावर किंवा एक चाक बांधावर असतां फ्लोट एका बाजूस झुकतो व चांगला कांटाही चुकीचें दाखवितो. झांकण काढून स्वच्छ, कोरडी काठी तळापर्यंत सोडावी आणि ओली खूण पाहावी. तोंडांत जाळी असल्यास ती आधीं काढावी.

या एका कृतीनें पुष्कळ गैरसमज दूर होतात. कधीं कांटा अर्धी टाकी दाखवितो, काठीही तेंच सांगते, आणि तरी इंजिन इंधनावांचून बंद पडतें. तेथें कांटा निर्दोष आहे. झांकणाचें श्वासछिद्र चिखलानें बुजलें असेल तर टाकींत पोकळी निर्माण होऊन इंधन खालीं उतरत नाहीं. झांकण सैल केल्यावर इंजिन पुन्हां चालूं लागलें तर दोष तेथेंच समजावा. नाहींतर फिल्टर तुंबला आहे कीं काय तें पाहावें.

लक्षणांवरून अनुमान

काठी एक सांगते व कांटा दुसरें, अशी खात्री झाल्यावर पुढील लक्षणें पाहावीं.

१. इंधनाचा कांटा, उष्णतेचा कांटा व इतर दिवे एकदमच मेले असतील तर प्रथम फ्यूज पाहावा. टाकीस हात लावण्याचें कारण नाहीं.

२. इंधनाचा व उष्णतेचा असे दोन्ही कांटे एकदम फार वर किंवा फार खालीं दाखवूं लागले, तर स्टॅबिलायझर किंवा त्याचा अर्थ बिघडला असण्याचा संभव अधिक. दोन निरनिराळे फ्लोट व सेन्सर एकाच दिवशीं बिघडणें दुर्मिळ आहे.

३. कांटा रिकाम्याच्या खुणेवर कायमचा बसला असेल तर फ्लोट बुडाला असेल, किंवा वायरींत दोष असेल.

४. कांटा भरलेल्याच्या खुणेवर कायमचा अडकला असेल तर फ्लोटाचा दांडा वर अडकला असेल, किंवा येथेंही वायरींत दोष असेल.

५. कांटा कांहीं ठिकाणीं बरोबर चालतो व एका ठराविक जागीं आला कीं एकदम कोसळतो किंवा नाचूं लागतो, तर युनिटांतील रोधक तार त्या जागीं झिजली आहे असें समजावें.

वायरीच्या दोषाविषयीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. सर्व कंपन्यांची मांडणी एकसारखी नसते. कांहीं यंत्रांत वायर तुटली कीं कांटा रिकाम्यावर पडतो व ती चासीस चिकटली कीं भरलेल्यावर जातो. दुसऱ्या कांहींत याच्या नेमकें उलट होतें. ही दुसरी मांडणी अधिक फसवी होय. कारण उंदरानें वायर कुरतडली तरी कांटा टाकी भरली आहे असेंच सांगत राहतो, आणि चालक निर्धास्तपणें जंगलाच्या वाटेस लागतो. यासाठीं दिवसभर काम करूनही कांटा जराही उतरला नाहीं, तर तें शुभलक्षण न मानतां त्याच संध्याकाळीं टाकींत काठी घालावी.

क्रमानें परीक्षा

परीक्षेस फार साहित्य लागत नाहीं. बारा व्होल्टचा लहान दिवा, त्यास जोडलेल्या चिमट्यांच्या दोन वायरी, एक लांब मोकळी वायर, पॉलिश पेपर व पाना एवढें पुरे. रोध मोजणारा मल्टीमीटर असल्यास उत्तमच. फार जुन्या कांहीं जीपगाड्यांची व्यवस्था सहा व्होल्टची असते. तेथें दिवाही सहा व्होल्टचाच घ्यावा.

सर्व परीक्षांस एकच शिस्त लागू आहे. आधीं चावी बंद करावी, मग जोडणी करावी किंवा सोडावी, आणि नंतर चावी चालू करून कांटा पाहावा. चालू वीज असतां टाकीजवळ वायर टेकवून ठिणगी पाडण्याची वाईट सवय कांहीं कारागिरांस असते. ती आपल्या अंगणांत चालूं देऊं नये. टाकीचें झांकण या वेळीं घट्ट लावलेलें असावें.

पहिली परीक्षा टाकीवरील वायरीची. युनिटावरील वायर सोडून तिचें टोंक कशास न लागेल असें ठेवावें व चावी चालू करून कांटा कोठें जातो तें पाहावें. मग चावी बंद करून त्या टोंकास दिव्याचा एक चिमटा व चासीच्या घासून स्वच्छ केलेल्या धातूस दुसरा चिमटा लावावा, आणि पुन्हां थोडा वेळ चावी चालू करावी. वायर थेट चासीस न जोडतां मधें दिवा घालण्याचें कारण असें कीं, उष्णतेवर चालणाऱ्या घड्याळांतून जादा वीज वाहून तें जळूं नये. वायर मोकळी असतां कांटा एका बाजूस व चासीस जोडली असतां दुसऱ्या बाजूस स्पष्टपणें गेला, तर घड्याळ व वायर दोन्ही चांगलीं आहेत. दोष टँक युनिटांत किंवा त्याच्या अर्थांत आहे. कांटा हललाच नाहीं, तर दोष वायरींत किंवा घड्याळांत आहे.

दुसरी परीक्षा अर्थाची. पहिल्या परीक्षेंत घड्याळ व वायर निर्दोष ठरल्यास टाकीवरील वायर पुन्हां जोडावी. मोकळ्या वायरीचें एक टोंक युनिटाच्या धातूच्या कडेस व दुसरें, बॅटरीचें जें टोंक चासीस जोडलेलें असेल त्यास जोडावें. आतां चावी चालू करतांच कांटा बरोबर दाखवूं लागला तर अर्थच बिघडलेला होता. चिखलणीच्या हंगामांत पाण्यानें स्क्रू गंजतात. टाकी रंगवितांना जोडाच्या जागेवर रंग बसतो. टाकी रबरी पट्ट्यांवर ठेवलेली असल्यास किंवा धातूच्या जागीं प्लॅस्टिकची टाकी बसविल्यास परतीचा मार्गच उरत नाहीं. जागा घासून स्वच्छ करावी, आणि युनिटापासून चासीपर्यंत स्वतंत्र अर्थवायर कायमची बसवावी. अवघ्या वीतभर वायरीनें हें काम होतें. म्हणूनच ही परीक्षा कोणताही भाग विकत घेण्यापूर्वीं केली पाहिजे.

तिसरी परीक्षा घड्याळाची. पहिल्या परीक्षेंत कांटा हलला नसेल तर ही करावी. घड्याळाच्या मागें जेथें वीज येते त्या टोंकास दिव्याचा एक चिमटा व चासीस दुसरा लावावा. चावी चालू करतांच दिवा लागला तर वीज येत आहे. स्टॅबिलायझर असल्यास दिवा लुकलुकण्याचा संभव असतो, तो दोष नव्हे. दिवा लागलाच नाहीं तर फ्यूज, चावीचा स्विच व मधले सांधे तपासावे. वीज येत असेल तर टाकीकडे जाणारी वायर घड्याळापासून सोडावी आणि घड्याळाचें तें टोंक दिव्यामार्फत चासीस जोडावें. आतां कांटा हलला तर घड्याळ चांगलें असून मधली वायर तुटलेली आहे. हलला नाहीं तर घड्याळाच्या धातूचा स्वतःचा अर्थ तपासावा. तो ठीक असूनही कांटा मेलेलाच असेल तरच घड्याळ दोषी ठरवावें.

वायर तुटलेली निघाल्यास ती कोठें तुटली हें शोधण्यांत दिवस घालवूं नये. गोठ्यांत किंवा धानाच्या कोठाराजवळ उभ्या राहणाऱ्या यंत्रांच्या वायरी उंदीर अनेक ठिकाणीं कुरतडतात. जुनी वायर सोडून देऊन नवी अखंड वायर टाकावी. सांधा करावाच लागला तर तो झाळून वर आवरण चढवावें. नुसता पीळ देऊन प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेला सांधा एका पावसाळ्यापुरताही टिकत नाहीं.

टँक युनिट बाहेर काढणें

वरील परीक्षांनंतर दोष युनिटांतच आहे असें ठरल्यावर तें बाहेर काढावें. तत्पूर्वीं बॅटरीची अर्थवायर सोडावी, टाकींतील इंधन कमी करावें, आणि स्क्रूंच्या भोंवतालची माती पुसून काढावी, नाहींतर ती टाकींत पडेल. हें काम उघड्या हवेंत करावें. जवळ विडी, चूल किंवा दिवा असूं नये. पेट्रोलची वाफ थंडीच्या दिवसांतही पेट घेते हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु डिझेल पेटत नाहीं हा समज बरोबर नाहीं. भारतीय मानकानुसार साध्या डिझेलचा ज्वलनबिंदु किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि चंद्रपुरांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो. म्हणजे उन्हांत तापलेली डिझेलची टाकी सुद्धां त्या दिवसांत धोक्याची असते. हें काम उन्हाळ्यांत सकाळच्या प्रहरींच करावें.

युनिट काढल्यावर फ्लोट कानाशीं धरून हलवावा. पोकळ पितळी फ्लोटांत इंधन शिरलें असेल तर तें आंत खळखळतें. छिद्र सूक्ष्म असल्यास फ्लोट गरम पाण्यांत बुडवावा. आंतील हवा प्रसरण पावून जेथें बुडबुडे येतील तेथें छिद्र आहे. आंतील इंधन काढून, पूर्ण वाळवून, तें छिद्र कुशल कारागिराकडून झाळून घ्यावें. तथापि टाकी स्वतः कधींही घरीं झाळूं नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकींत वाफ शिल्लक राहते व तिचा स्फोट होतो.

फ्लोट चांगला असेल तर मल्टीमीटरचीं दोन टोंकें युनिटाच्या वायरीच्या स्क्रूस व धातूच्या कडेस लावून दांडा हातानें हळूहळू वर-खालीं करावा. रोधाचा आंकडा अखंड वाढत किंवा अखंड घटत गेला पाहिजे. मधेंच आंकडा नाहींसा होऊन पुन्हां आला तर तेथें तार झिजली किंवा मळली आहे. मळ असल्यास मऊ कापडानें पुसतां येतो. झिजलेली तार मात्र पुसून सुधारत नाहीं, तेथें युनिट बदलावें. दांडा वांकडा झाला असेल तर, फ्लोट तळापासून वरपर्यंत कोठेंही न अडकतां फिरेल असा तो सरळ करावा. युनिट परत बसवितांना गॅस्केट नवें घालावें.

नवा भाग घेतांना

येथेंच पुष्कळांची फसगत होते. टँक युनिट व घड्याळ ही जोडी आहे. एकाचा रोध दुसऱ्यास जुळावा लागतो. युरोपीय धर्तीच्या एका प्रचलित मांडणींत टाकी रिकामी असतां रोध सुमारें १० ओहम व भरलेली असतां सुमारें १८० ओहम असतो. अमेरिकन धर्तीच्या एका मांडणींत रिकामी असतां सुमारें २४० व भरलेली असतां सुमारें ३३ ओहम असतो. पहिल्या धर्तीच्या घड्याळास दुसऱ्या धर्तीचें युनिट जोडलें तर टाकी भरत जाईल तसा कांटा उतरत जाईल! स्क्रूचीं भोंकें जुळलीं, दांड्याची लांबी जुळली, म्हणून भाग जुळला असें होत नाहीं. तेव्हां जुनें युनिट सोबत न्यावें, शक्य असल्यास त्याचा दोन्ही टोंकांचा रोध मोजून कागदावर लिहून न्यावा, आणि नव्या युनिटाचा रोध दुकानांतच मोजून घ्यावा.

मोजकाठी व टिपणवही

कांटा दुरुस्त झाला तरी त्यास एक कायमचा साक्षीदार असावा. आपल्या जिल्ह्यांत बांबूस तोटा नाहीं. पक्क्या, वाळलेल्या बांबूची एक सरळ कांब तासून, पॉलिश पेपरनें गुळगुळीत करावी. तिचे तंतू टाकींत पडतां कामा नयेत. टाकी गाळ काढण्यासाठीं एकदां पूर्ण रिकामी केली जाते, ती संधि साधावी. यंत्र सपाट जागेवर ठेवून मापाच्या डब्यानें पांच-पांच लिटर डिझेल ओतावें, दर वेळीं काठी बुडवून ओल्या जागीं चाकूनें खूण करावी, आणि त्याच वेळीं कांटा कोठें आहे तें वहींत लिहावें. टाकीचा आकार सर्वत्र सारखा नसल्यानें खुणा समान अंतरावर येणार नाहींत. म्हणूनच अंदाजानें खुणा न करितां मापूनच कराव्या. काठी वापरण्यापूर्वीं पुसावी व एरव्हीं नळींत घालून ठेवावी, म्हणजे धूळ टाकींत जाणार नाहीं. टाकी रिकामी केल्यानंतर नळ्यांत शिरलेली हवा पुढें सांगितल्याप्रमाणें काढण्यास विसरूं नये.

यानंतर ताशीं खर्च काढावा. समजा, सकाळीं काठीनें ३० लिटर दाखविलें व चार तास चिखलणी केल्यावर १४ लिटर उरलें. खर्च १६ लिटर, म्हणजे ताशीं ४ लिटर झाला. १० लिटर कायम राखीव ठेवावयाचें ठरविल्यास आतां आणखी एकच तास काम करतां येईल, हें कांट्याकडे न पाहतांही सांगतां येतें. नांगरणी, चिखलणी, ट्रॉलीची वाहतूक यांचा खर्च वेगवेगळा लिहावा. जुन्या ट्रॅक्टरांचा यांत्रिक तासमापक इंजिनाच्या ठराविक वेगासच खरा तास मोजतो. इंजिन मंद चालविल्यास तो मागें पडतो. म्हणून वेळ मनगटी घड्याळानें मोजावी.

अशा नोंदी ठेवणें हें विद्वानांचें काम आहे असें कोणीं म्हणूं नये. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे (निधन २०१८) हे अल्पभूधारक शेतकरी होते. आपल्या बांधींत वेगळ्या दिसलेल्या मोजक्या लोंब्या त्यांनीं निवडून ठेवल्या, त्यांचें बी वर्षानुवर्षें वेगळें लावून पाहिलें, आणि त्यांतून जो धान सिद्ध झाला त्यास त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून एच. एम. टी. हें नांव मिळालें. ज्या नजरेनें त्यांनीं लोंबी पाहिली त्याच नजरेनें आपलें यंत्र पाहावें, इतकेंच येथें सांगावयाचें आहे.

इंधन संपलेंच तर

सर्व काळजी घेऊनही प्रसंग ओढवलाच, तर स्टार्टर वारंवार मारून बॅटरी संपवूं नये. जंगलाच्या रस्त्यावर अंधार पडला असेल तर एकट्यानें पायीं निघूं नये. फोन लागत असल्यास गांवांत कळवावें व सोबत येईपर्यंत यंत्राजवळच थांबावें. डिझेल आल्यावर टाकी तळाच्या बरीच वर येईल इतकें घालावें. मग फिल्टरवरील हवा सोडण्याचा स्क्रू सैल करून हातपंप चालवावा. प्रथम फेस येईल, नंतर बुडबुड्यांविरहित अखंड धार येईल, तेव्हां स्क्रू आंवळावा. पुढें इंधनपंपावरील स्क्रूचेंही तसेंच करावें. तरीही इंजिन सुरू न झाल्यास इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट किंचित सैल करून इंजिन फिरवावें, डिझेल येऊं लागतांच ते आंवळावे. या वेळीं नळीच्या तोंडाशीं हात धरूं नये. उच्च दाबाची धार कातडींतून आंत शिरते व गंभीर इजा करते.

पावसाळ्यांत रात्रीं टाकी शक्य तितकी भरलेली ठेवावी, म्हणजे आंतल्या ओलसर हवेचें पाणी होऊन डिझेलांत मिसळणार नाहीं. फिल्टरच्या तळाशीं सांचलेलें पाणी वेळोवेळीं सोडावें. रोवणीपूर्वीं एकदां व धानाच्या कापणीपूर्वीं एकदां, अशी वर्षांतून दोन वेळां कांट्याची काठीशीं गांठ घालून द्यावी. दोघांचें म्हणणें जुळलें तर निश्चिंतपणें कामास लागावें. न जुळल्यास यंत्र अंगणांत उभें आहे तोंवरच दोष शोधावा. अंगणांत जो दोष एका संध्याकाळीं सांपडतो, तोच रानांत सबंध रात्र व कधीं कधीं हंगामांतील अमूल्य दिवस घेऊन जातो.